कोर्टात उभं न राहता पाण्याच्या हक्कासाठी लढता येतं का?

ताई,
मी २७ वर्षांची आहे. कायद्याची पदवी घेतली, मग पर्यावरण कायद्यात एलएल.एम. केलं आणि आता पुण्यातल्या एका फर्ममध्ये जमिनीच्या व्यवहारांचे कागद तपासते. शिकत असताना एका अभ्यासासाठी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागातल्या पाड्यांवर गेले होते. बायका झऱ्यावरून पाणी आणत होत्या, आणि त्या झऱ्यावर गावाचा हक्क आहे असं सांगणारा एकही कागद कुणाकडे नव्हता. ते डोक्यातून जात नाही. मला कोर्टात बोलायला जमत नाही, पण कागद शोधायला, वाचायला मनापासून आवडतं. आदिवासींच्या पाण्याच्या आणि जंगलाच्या हक्कांसाठी नुसतं कायद्याचं संशोधन करून आयुष्य काढता येईल का? मी आदिवासी नाही, मला तिथली पावरी भाषा येत नाही. यात पडायचा मला अधिकार आहे का? बाबा म्हणतात, याला समाजकार्य म्हणतात, करिअर नाही. पगार बराच खाली येणार हे मलाही दिसतंय.
– अस्वस्थ, पुणे

प्रिय मैत्रिणी,

काढता येईल. पण पत्रातला ‘नुसतं’ हा शब्द आधी खोडून टाक. या क्षेत्रात युक्तिवाद करणारे चांगले वकील कमी आहेत हे खरंच, पण त्यांच्या हातात नीट तयार केलेली फाइल देणारी माणसं त्याहून कमी आहेत. पाण्याच्या आणि जंगलाच्या खटल्यांत सुनावणीच्या दिवशी जे घडतं, त्यातलं बरंचसं आधीच ठरून गेलेलं असतं: कुठला नकाशा जोडला, कुठला ठराव जोडायचा राहिला, मुदत कधी संपली, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला होता की नव्हता, यावर.

तू धडगावला गेली होतीस, म्हणून तिथलंच उदाहरण घेते. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुक्यांतली. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात जमीनधारक विस्थापितांना किमान २ हेक्टर जमीन आणि सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब म्हणून मान्यता देण्याची तरतूद केली होती. कागदावर उदार वाटावी अशीच. पण पिढ्यानपिढ्या तीच जमीन कसणारी कितीतरी कुटुंबं सरकारी दप्तरात वनजमिनीवरची अतिक्रमणदार होती, सातबाऱ्यावर त्यांचं नावच नव्हतं. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळवायची, तर आधी आपली जमीन होती हे सिद्ध करा, असा तो पेच होता. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी धरणाच्या बाजूने निकाल दिला. न्या. भरुचा यांचं वेगळं मत वेळ काढून वाच. आवश्यक अभ्यास पूर्ण नसताना पर्यावरण मंजुरी कशी दिली गेली, हे त्यांनी कागदोपत्री दाखवलं आहे. संशोधकाच्या कामाची ताकद कशात असते ते त्यात दिसतं, आणि पूर्ण दाखवूनही हार होऊ शकते हेही दिसतं. हे दुसरं आत्ताच पचवून ठेव.

आता तुझ्या झऱ्याकडे येते. ‘आदिवासी पाणी हक्क कायदा’ नावाचं काही आपल्याकडे नाही. हक्क आहेत, पण विखुरलेले. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३ उघड. त्यात मासे आणि पाणवठ्यांतल्या इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क आहे, आणि सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्कही आहे. कलम ५ पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देतं. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याने, अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवलं. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले, आणि त्यांच्या आधारे पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवता येते, म्हणजे त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा होते. १९९१ च्या सुभाष कुमार खटल्यापासून प्रदूषणमुक्त पाणी हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला जातो. डिसेंबर १९९६ च्या कमल नाथ निकालाने नद्या-जंगलांसारख्या गोष्टी सरकारकडे लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून आहेत, हे तत्त्व आपल्या कायद्यात आणलं. याशिवाय भूजलाचा कायदा वेगळा, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा वेगळा, वनसंवर्धनाचा वेगळा. एका झऱ्याचा प्रश्न या सगळ्यांतून जातो आणि प्रत्येक खातं म्हणतं, हे आमच्याकडे येत नाही. हे तुकडे एकत्र आणून, या गावाचा या पाण्यावर या कलमाखाली हक्क आहे असं दोन पानांत लिहून देणं हे तुझं काम असेल. ते अवघड आहे. ज्याला मनापासून कागद वाचायला आवडतो त्यालाच ते जमतं.

पुरावा हा या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबते. वनहक्क नियमांतला नियम १३ पाठ असावा इतक्या वेळा वाच. सामूहिक दाव्यासाठी कुठले पुरावे चालतील याच्या यादीत माणसांसाठी आणि गुरांसाठी वापरले जाणारे पाण्याचे स्रोत, मासेमारीच्या जागा, सिंचनाच्या व्यवस्था, देवराया, पवित्र तळी आणि नदीकाठच्या जागा, स्मशानं हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले जबाब पुरावा म्हणून चालतात. बांध, बंधारे, विहिरी चालतात. गॅझेटियर, जनगणना, सर्व्हे-सेटलमेंटचे अहवाल, वनविभागाच्या कार्य आयोजना, म्हणजे जंगलाच्या कामाचे आराखडे, चालतात. अमुकच कागद हवा असा हट्ट समित्यांनी धरू नये, हे २०१२ च्या दुरुस्तीने सांगितलं. तरीही दावे फेटाळताना ‘पुरेसे पुरावे नाहीत’ हेच कारण पुन्हापुन्हा येतं. मग तू काय करायचं? गावाच्या वनहक्क समितीबरोबर शिवार फेरीला जायचं. झरा, डोह, पाट, गुरांचं पाणी, जाळं टाकायची जागा अशी प्रत्येक गोष्ट गावातल्या नावासकट नकाशावर घ्यायची. तेच ठिकाण जुन्या नकाशात किंवा वनविभागाच्याच कंपार्टमेंटच्या, म्हणजे जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्याच्या, नोंदीत शोधायचं. खात्याच्या स्वतःच्या कागदात झऱ्याचं नाव सापडलं की समोरच्या अधिकाऱ्याला नाही म्हणणं जड जातं.

विदर्भात काम करायची वेळ आली तर निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन दस्तऐवज मागवायला विसरू नकोस. पाणी, चराई, सरपण यांबाबत गावाची वहिवाट काय होती ते त्यांत लिहिलेलं असतं. भंडारा-गोंदियातल्या माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजे लोक ज्यांना मामा तलाव म्हणतात त्यांवर, मासे कोणाचे आणि शेताला पाणी कोणाचं हे वाद समजून घ्यायचे तर सुरुवात याच कागदांतून होते. तिथे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचं पोट त्या तलावांवर चालत आलं आहे, तोही अभ्यासाचा विषय आहे. आदिवासींचे पाण्याचे प्रश्न अशा शेजाऱ्यांपासून तोडून पाहता येत नाहीत.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाबद्दल तू वाचलं असशीलच. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा हक्क. पण मला त्या कथेत महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या आधीचं. गावाने कायदा येण्याच्या कितीतरी वर्षं अगोदर अभ्यासगट चालवले, सर्वसहमतीने निर्णय घ्यायची सवय लावली, लिहून ठेवायची सवय लावली. कायदा आला तेव्हा गाव तयार होतं. हक्क मिळाल्यावरही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी २०११ पर्यंत झगडावं लागलं. हक्क मंजूर होणं आणि वापरता येणं यांत एवढं अंतर असतं, आणि त्या मधल्या काळात बाहेरून आलेली बहुतेक माणसं निघून गेलेली असतात. तू तेव्हा तिथे असशील का, याचा विचार कर.

आणखी एक खटला सांगते, कारण तो पाण्याचा आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. पेंच राष्ट्रीय उद्यानात तोतलाडोह जलाशय आहे. उद्यानातून उठवलेल्या आदिवासींना मासेमारीच्या जुन्या हक्काच्या बदल्यात मध्य प्रदेश सरकारने ३०५ परवाने दिले. एका पर्यावरणवादी संस्थेने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. १९९७ साली न्यायालयाने परवाने टिकवले, मात्र त्यांना बऱ्याच अटी घातल्या. तू या क्षेत्रात आलीस की हे दृश्य तुला वारंवार दिसेल: एका बाजूला जंगल वाचवू पाहणारे, दुसऱ्या बाजूला त्या जंगलात राहणारे, आणि दोघांच्याही याचिकेत पर्यावरण हाच शब्द. एलएल.एम.मध्ये तू बहुधा पहिल्यांचे निकाल जास्त वाचले असशील. आता दुसऱ्यांचे वाच. फेब्रुवारी २०१९ मध्ये वनहक्काचे दावे फेटाळल्या गेलेल्या कुटुंबांना जंगलातून काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि त्याच महिन्याच्या शेवटी त्याला स्थगिती मिळाली. दावा फेटाळताना प्रक्रिया पाळली गेली होती का, हा त्यातला मूळ प्रश्न जिल्ह्या-जिल्ह्यातल्या फायली उघडल्याशिवाय सुटणारा नाही. वर्षानुवर्षं पुरेल इतकं काम तिथे पडलेलं आहे.

नियमगिरीचा निकाल सगळे सांगतात, तो मी वेगळ्या कारणासाठी सांगते. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या त्या डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे नेला आणि जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती निरीक्षक म्हणून बसवली. त्याच वर्षी सगळ्या १२ ग्रामसभांनी नकार दिला. डोंगरिया कोंध बायाबापड्या आपल्या झऱ्यांबद्दल आणि देवाबद्दल स्वतः बोलल्या, आणि ते बोलणं इतिवृत्तात उतरलं. ग्रामसभेचं इतिवृत्त हा कायद्याचा दस्तऐवज आहे. वनहक्कांसाठीच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. ही गणपूर्ती नोंदली नाही म्हणून चांगले ठराव कोसळतात. गावच्या सचिवाला इतिवृत्त नीट लिहायला शिकवणं हे काम कुठल्याही शोधनिबंधापेक्षा मला मोठं वाटतं.

मुदती सांभाळणारं माणूसही गावांना हवं असतं. पर्यावरण मंजुरीला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात आव्हान द्यायचं तर ३० दिवस, आणि कारण पटलं तर पुढे फार तर ६० दिवस. त्यानंतर दार बंद. वनहक्काच्या दाव्यावर ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला प्रत्येकी ६० दिवस. जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते, पण ती पाड्यावर पोहोचते का? मंजुरी झाल्याचं गावाला महिनोन्‌महिने कळतच नाही. संकेतस्थळं, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, बैठकांची इतिवृत्तं रोज पाहणारं कुणीतरी लागतं. कायदेही बदलत राहतात. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता तपासण्याची जबाबदारी केंद्राच्या मंजुरीनंतर राज्याकडे ढकलली, २०२३ मध्ये मूळ कायदाच दुरुस्त झाला. याउलट महाराष्ट्रात २०२० साली राज्यपालांच्या अधिसूचनेने जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय पातळीवर अपिलाची सोय झाली. ही सोय आहे हे गावाला सांगणारं कुणी नसेल तर ती असून नसल्यासारखीच.

बाहेरच्या देशांतलं कायदेशीर काम वाच, पण त्याने हुरळून जाऊ नकोस. अमेरिकेत १९०८ च्या विंटर्स निकालाने म्हटलं की आदिवासींसाठी भूमी राखून ठेवली तेव्हा ती वसवायला लागणारं पाणीही राखलं गेलं. केवढा मोठा विचार आहे हा! तरीही २०२३ साली तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने नवाहो या आदिवासी राष्ट्राच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की त्यांच्यापर्यंत पाणी पोहोचवण्यासाठी पावलं उचलायला सरकार करारानुसार बांधील नाही. न्यूझीलंडमध्ये २०१७ च्या कायद्याने व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा मिळाला, त्यामागे तिथल्या मूळनिवासी माओरींचा दीडशे वर्षांच्या आसपासचा लढा आहे, आणि नदीच्या दोन पालकांपैकी एक तेच नेमतात. आपल्याकडे त्याच वर्षी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं तेव्हा पालक म्हणून सरकारी अधिकारीच होते, आणि काही महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. नदीकाठच्या लोकांना निर्णयात जागा मिळाली का, एवढाच प्रश्न मी अशा प्रत्येक बातमीला विचारते. आदिवासींच्या हक्कांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यातही हेच आहे: दबावाविना, आधी आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली संमती. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं होतं, हे याचिकेत नमूद करायला उपयोगी पडतं.

अधिकाराबद्दल विचारलंस. गावाने बोलावलं, गावाला हवं ते काम केलंस, तर अधिकार आहे. आपला विषय घेऊन जाऊन त्याला गाव शोधू नकोस. कुठलाही अभ्यास सुरू करण्याआधी ग्रामसभेत बसून सांग: मी काय लिहिणार, ते कोण वाचणार, त्याने तुमचं नुकसान कसं होऊ शकतं. ठराव घे. तयार झालेले नकाशे, जबाब, प्रती गावाकडे राहतील अशी व्यवस्था कर. एक गोष्ट विशेष काळजीची आहे. याचिकेला जोडलेला कागद सगळ्यांना दिसतो. देवाची जागा, औषधी वनस्पतींची जागा, एखादा राखून ठेवलेला झरा यांची नोंद कागदावर आणायची की नाही हे गाव ठरवेल, आणि नको म्हणालं तर दावा कमकुवत झाला तरी ती आणायची नाही. पावरी शीक, भिलीही कानावर पडू दे. जबाब आधी त्यांच्या भाषेत नोंदव, मग मराठीत कर, आणि दोन्ही वाचून दाखवून मगच सही किंवा अंगठा घे. पावरा आणि भिल समाजातली मुलंमुली आता कायदा शिकतात. तुझ्याबरोबर त्यांच्यातलं कुणी पहिल्या दिवसापासून काम करत असलं पाहिजे, मदतनीस म्हणून नव्हे, तर अहवालावर नाव असलेला सहलेखक म्हणून.

आता पैशांचं. वडील चुकीचं काही विचारत नाहीत, त्यांच्याशी तत्त्वाचा वाद घालू नकोस. पगार कमी होईल आणि बराच काळ कमी राहील. संस्थांमधल्या संशोधनाच्या नोकऱ्या बहुतेक एखाद्या प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, त्याचा फटका अशा पदांना बसला. म्हणून एकाच उत्पन्नावर विसंबू नकोस. जमिनीचे कागद तपासण्याचं तुझं सध्याचं कौशल्य बाहेर विकत घेतलं जातं, महिन्यातले काही दिवस ते काम सुटं घेता येईल. ते कौशल्य इथेही लागतं. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे कशी गेली हे फेरफारांतून शोधणाऱ्या माणसाची, अशा हस्तांतराला आळा घालणारं महसूल संहितेचं कलम ३६-अ मोडलं गेलं का हे सांगणाऱ्या माणसाची गरज प्रत्येक आदिवासी तालुक्यात आहे. अध्यापनासाठीची नेट परीक्षा देऊन ठेव, विधी महाविद्यालयातल्या अध्यापनाचा रस्ता उघडा राहील. अध्यापन आणि असं संशोधन एकत्र चांगलं चालतं, शिवाय विद्यार्थी मिळतात.

वकिलीच्या सनदेचं मात्र नीट पाहा. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. संस्थेत तशी नोकरी घेतलीस तर सनद स्थगित करावी लागेल. माझा सल्ला विचारशील तर मानधनावर, कामाच्या करारावर राहा आणि सनद चालू ठेव. तू कोर्टात बोलणार नसलीस तरी वकीलपत्रावर नाव असणं, फायलीची पाहणी करता येणं, नकला काढता येणं याने संशोधनाचे कितीतरी दरवाजे उघडतात. ज्यांच्यासाठी तू फाइल बनवशील असा एक वकील शोध, नंदुरबारमध्ये, किंवा औरंगाबाद खंडपीठात, किंवा पुण्यात हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम खंडपीठात काम करणारा. त्यांच्या दोन-तीन चालू प्रकरणांचे कागद लावून दे. तुला हे काम आवडतं की त्याची कल्पना आवडते, हे त्यात कळेल.

राजीनामा आत्ता देऊ नकोस. वर्षभराच्या खर्चाइतके पैसे बाजूला काढ आणि तो आकडा बाबांना दाखव. त्यांना तुझ्या ध्येयापेक्षा तो लवकर समजेल. तोवर एक खोरं निवड. नर्मदेकडे वाहणाऱ्या सातपुड्यातल्या ओढ्यांपैकी एखादा, ज्याच्या काठी तू चाललीस तोच घे. त्यावरच्या गावांचे मंजूर, प्रलंबित आणि फेटाळलेले वनहक्क दावे माहितीच्या अधिकारात माग. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर प्रथम अपील कर, तोही सरावच आहे. आणि पुन्हा जाशील तेव्हा एप्रिल-मेमध्ये रजा काढून जा. पावसाळ्यानंतर सगळेच झरे वाहतात. कुठला झरा उन्हाळ्यात टिकतो, त्यावर कुठले पाडे येतात आणि पाणी कमी पडलं की कोणी आधी भरायचं हे कसं ठरतं, ते तेव्हाच दिसतं, आणि दाव्यात लिहायचं असतं ते हेच.

– तुझी ताई